वास्तू तात्पुरत्या, संकल्प चिरंतन



इ. स. १९२७ या एकाच वर्षाच्या पूर्वार्धात ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखालील दोन नव्या राजधान्यांमध्ये दोन विधिमंडळ-भवनांची उद्घाटने झाली. १८ जानेवारीला दिल्लीत लॉर्ड आयर्विन यांनी हर्बर्ट बेकर यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या त्या सुप्रसिद्ध वर्तुळाकार भवनाचे दार उघडले. ९ मे रोजी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे सहावे जॉर्ज, यांनी सोन्याच्या किल्लीने एका पांढऱ्या, ठेंगण्या इमारतीचे कुलूप काढले. दिल्लीचे भवन दगडी, स्तंभांनी वेढलेले, शतकानुशतके उभे राहावे या जिद्दीने बांधलेले. कॅनबेराची इमारत विटांची, वर साधा गिलावा केलेली, आणि तिच्या नावातच ‘तात्पुरते संसदभवन’ असा उल्लेख. पन्नास वर्षे टिकली तरी पुरे, हीच अपेक्षा.

या दोन वास्तूंमधील खरा भेद दगड आणि विटांचा नाही. दिल्लीचे भवन ज्यांच्यासाठी म्हणून बांधले गेले, त्या भारतीयांना आपली राजधानी कुठे असावी, कशी असावी, हे कुणी विचारले नव्हते. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात सम्राटाने घोषणा केली आणि दिल्ली राजधानी झाली. म्हणूनच त्या भव्य सभागृहात ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांना बॉम्बच्या आवाजाने राष्ट्राचा आवाज पोहोचवावा लागला. कॅनबेराची जागा, तिचे नाव, तिचा आराखडा आणि तिच्या चुकासुद्धा मात्र तेथील निवडून आलेल्या संसदेच्या होत्या. एका तरुण राष्ट्राने हाताशी पैसा नसताना, महायुद्धाच्या छायेत आणि आपसातील भांडणांतून, एका उजाड माळरानावर राजधानी कशी उभी केली, ही कथा आपणही ऐकावी अशी आहे. या कथेचा नायक अखेर आपल्याच लखनौच्या मातीत विसावला, हाही तिचा एक धागा आहे.

माळरानावरचा संकल्प

१ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहतींचे मिळून ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले. राजधानी सिडनी की मेलबर्न, हा वाद लगेच उभा राहिला. दोन्ही शहरे तुल्यबळ आणि दोन्ही हट्टी. राज्यघटनेनेच त्यावर तोडगा काढला होता. राजधानी न्यू साउथ वेल्स राज्यात असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर असेल, आणि ती तयार होईपर्यंत संसद मेलबर्नमध्ये भरेल. अनेक जागांची पाहणी होऊन १९०८ मध्ये यास-कॅनबेरा प्रदेश ठरला. चार्ल्स स्क्रिव्हनर या सर्वेक्षकाने डोंगर, ओढे आणि पाण्याचा अंदाज घेत नेमकी जागा सुचविली. १ जानेवारी १९११ रोजी तो प्रदेश केंद्राच्या ताब्यात आला. तेव्हा तिथे मेंढ्यांची कुरणे होती, मोलाँग्लो नावाची एक छोटी नदी होती आणि १८४५ पासूनचे सेंट जॉन्स हे चर्च होते.

नगररचनेसाठी जगभरातून आराखडे मागविण्यात आले. अंतिम निर्णय मंत्र्यांचा राहील या अटीमुळे ब्रिटिश वास्तुविशारदांच्या मातब्बर संस्थेने स्पर्धेवर बहिष्कार घातला. तरीही १३७ प्रवेशिका आल्या. मे १९१२ मध्ये पहिला क्रमांक जाहीर झाला तो शिकागोच्या वॉल्टर बर्ली ग्रिफिन या पस्तीस वर्षांच्या वास्तुविशारदाचा. फिनलंडचे एलिएल सारिनेन दुसरे आणि फ्रान्सचे आल्फ्रेड आगाश तिसरे आले. ग्रिफिनने तोपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पाऊलही ठेवले नव्हते. त्याच्या यशात त्याची पत्नी मॅरियन माहोनी हिचा वाटा मोठा होता. ती स्वतः वास्तुविशारद होती आणि फ्रँक लॉइड राइट यांच्या कार्यालयात दोघांनीही काम केले होते. कापडावर तिने रेखाटलेली त्या भावी नगरीची विशाल चित्रे आजही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ठेव्यात जपली आहेत.

ग्रिफिनच्या आराखड्याचे मर्म काय होते? त्याने भूमीवर भूमितीची सक्ती केली नाही. भूमीत जे होते, त्यातूनच त्याने आपली भूमिती शोधली. माउंट एन्स्ली या डोंगरापासून समोरच्या टेकडीवरून दूरच्या पर्वतशिखराकडे जाणारी एक रेषा हा भू-अक्ष. नदी अडवून तयार होणाऱ्या सरोवराच्या लांबीतून जाणारी दुसरी रेषा हा जल-अक्ष. दोन्ही परस्परांना काटकोनात छेदतात आणि त्यांच्या आधाराने एक प्रचंड त्रिकोण सिद्ध होतो. शासनाच्या साऱ्या प्रमुख वास्तू त्या त्रिकोणात. आपल्याकडे क्षेत्राची निवड करताना नदी, पर्वत आणि दिशा यांचा मेळ पाहिला जाई, त्याची आठवण व्हावी अशी ही दृष्टी होती.

त्यातली एक गोष्ट तर विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. सर्वांत उंच टेकडीवर ग्रिफिनने संसद ठेवली नाही. संसद त्याने खालच्या टेकाडावर ठेवली. माथ्यावर त्याने पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या शिखराची एक लोकवास्तू कल्पिली. ऑस्ट्रेलियन जनतेच्या कर्तृत्वाचे जतन करणारी आणि लोकांना एकत्र येण्यासाठी खुली असणारी. राज्यकर्ते खाली आणि समाज वर, हा त्याचा अर्थ. त्याच सुमारास दिल्लीत रायसीनाच्या टेकडीवर व्हाइसरॉयचा प्रासाद चढविला जात होता, हे लक्षात घेतले म्हणजे या रचनेतील विचार अधिक उजळून दिसतो.

सात वर्षांची झटापट

१२ मार्च १९१३ रोजी गव्हर्नर-जनरलच्या पत्नी लेडी डेनमन यांनी नगरीचे नाव जाहीर केले : कॅनबेरा. त्या भागातील मूळ रहिवाशांच्या भाषेतील ‘भेटीचे ठिकाण’ अशा अर्थाच्या शब्दापासून ते आले, असे मानले जाते. तोवर सरकारी खात्याच्या मंडळाने बक्षीसपात्र आराखडे बाजूला सारून, त्यांतले तुकडे जोडून आपलाच एक आराखडा बनविला होता. सत्तांतरानंतर ऑगस्ट १९१३ मध्ये ग्रिफिनला बोलावण्यात आले, मंडळ बरखास्त झाले आणि तो राजधानीच्या रचना व बांधकामाचा संचालक झाला.

पण बरखास्त होते ते मंडळ; खाते जिथल्या तिथे राहते. ग्रिफिनला नकाशे मिळेनात, माहिती मिळेना. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि पैसाही आटला. अखेर शाही आयोग नेमला गेला. ग्रिफिनला आवश्यक माहिती आणि साह्य नाकारले गेले, असा निष्कर्ष त्या आयोगाने १९१७ मध्ये काढला. न्याय कागदावर मिळाला. वेळ मात्र निघून गेली होती. १९२० च्या अखेरीस ग्रिफिन या कामातून बाहेर पडला. ज्या नगरीचा आराखडा जगभर वाखाणला गेला, त्या नगरीत त्याच्या स्वतःच्या हातची कायमस्वरूपी अशी एकच रचना उभी राहिली. ती आहे डन्ट्रून येथील जनरल ब्रिजेस यांची समाधी. गॅलिपोलीच्या रणात १९१५ मध्ये झालेल्या जखमांनी मृत्यू पावलेल्या सेनानीची ती शांत, आडवी शिळा एवढीच काय ती ग्रिफिनची कॅनबेरातील वास्तू.

मग कॅनबेराच्या आरंभीच्या वास्तू कुणाच्या? त्यांतल्या बहुतेक प्रमुख वास्तू जॉन स्मिथ मर्डॉक यांच्या. जन्माने स्कॉटिश, १८६२ चे, आणि सरकारी सेवेत शांतपणे आयुष्य घालविलेले. १९१९ मध्ये ते केंद्र सरकारचे मुख्य वास्तुविशारद झाले. ग्रिफिन हा द्रष्टा, तर मर्डॉक हे कारभारी. राष्ट्राला दोघांचीही गरज असते. दुर्दैवाने इतिहास पहिल्याची गाथा गातो आणि दुसऱ्याची फाइल बंद करतो.

उद्यान-नगरीचा मार्ग

१९२१ मध्ये जॉन सल्मन यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमण्यात आली. सल्मन हे उद्यान-नगरी या विचाराचे खंदे पुरस्कर्ते. हा विचार मूळचा इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्ड यांचा. कारखान्यांच्या धुरात आणि चाळींच्या कोंडीत गुदमरणाऱ्या शहराचे लाभ आणि खेड्यातील मोकळी हवा यांचा संगम घडवावा, नगराची जमीन समाजाच्या मालकीची असावी आणि जमिनीचे वाढते मूल्य सट्टेबाजाच्या खिशात न जाता नगराच्याच कामी यावे, असे त्यांनी १८९८ च्या आपल्या पुस्तकात मांडले. १९०३ मध्ये लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ येथे त्याचा पहिला प्रयोग सुरू झाला.

सल्मन समितीने वास्तवाकडे डोळे उघडून पाहिले. युद्धाच्या कर्जाने वाकलेला देश भव्य प्रासाद बांधू शकत नाही. तेव्हा पहिल्या टप्प्यात साध्या, नेटक्या आणि बडेजाव नसलेल्या इमारतींची एक उद्यान-नगरी वसवावी. भव्य वास्तू पुढच्या पिढ्यांसाठी ठेवाव्यात. मात्र ग्रिफिनने आखलेले रस्ते आणि अक्ष हलवू नयेत, असे धोरण ठरले. १९२५ मध्ये हा आराखडा राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि त्यात मोठा बदल करायचा तर संसदेपुढे जाणे आवश्यक ठरले. कॅनबेराची पुढची सगळी वाटचाल या एका निर्णयावर उभी आहे. पैसा नसेल तर विटा कमी लावा, उंची कमी करा, दगडाऐवजी गिलावा करा; पण रेषा ढळू देऊ नका.

जमिनीचा प्रश्नही आधीच सोडविला होता. १९१० च्या कायद्याने राजधानीच्या प्रदेशातील सरकारी जमीन मालकी हक्काने विकण्यास बंदी घातली होती. भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे आणि जमिनीच्या मूल्यावर वर्षाला पाच टक्के भाडे घ्यायचे, अशी व्यवस्था झाली. १२ डिसेंबर १९२४ रोजी भाडेपट्ट्यांचा पहिला लिलाव झाला. राजधानी येणार म्हणून आधीच माळरान विकत घेऊन ठेवणाऱ्या दलालांचे पीक तिथे फोफावले नाही, ते यामुळे.

पहिल्या विटा

आता प्रत्यक्ष त्या वास्तूंकडे वळू. कोणत्याही नगरीची पहिली इमारत कोणती असते? राजवाडा नव्हे. कॅनबेराची पहिली मोठी सार्वजनिक वास्तू होती किंग्स्टन येथील वीजघर. मर्डॉक यांनी आखलेले हे उंच, सरळ रेषांचे, काँक्रीटचे वीजघर १९१३ मध्ये सुरू झाले आणि १९१५ पासून वीज देऊ लागले. बाष्पासाठी नदीचे पाणी जवळ होते आणि कोळशासाठी रेल्वेचा फाटा आणला होता. त्याच काळात यारालुम्ला येथे सरकारी वीटभट्टी सुरू झाली. कॅनबेराच्या आरंभीच्या असंख्य घरांना आणि संसदभवनाला वीट पुरविली ती या भट्टीने. कॉटर नदीवर धरण बांधून पाण्याची सोय झाली. आधी वीज, वीट आणि पाणी, मग संसद. हा क्रम पायाभूत या शब्दाचा खरा अर्थ सांगतो.

नंतर निघाली ती वसतिगृहे. मेलबर्नहून येणारे खासदार आणि कर्मचारी राहणार कुठे? मर्डॉक यांनी १९२४ मध्ये हॉटेल कॅनबेरा सिद्ध केले. ही एकसंध, उंच इमारत नाही. बागेत पसरलेली बुटकी दालने, त्यांना जोडणारे झाकलेले मार्ग आणि मध्ये मोकळी अंगणे, असे तिचे रूप. पाठोपाठ कर्मचाऱ्यांसाठी गॉर्मन हाउस आणि १९२६ मध्ये हॉटेल कुराजाँग आले. या कुराजाँगच्या एका खोलीशी एक हृद्य आठवण निगडित आहे. पंतप्रधान बेन चिफली यांनी अधिकृत निवासस्थान सोडून पंतप्रधानपदाच्या काळातही याच साध्या खोलीत राहणे पसंत केले. जून १९५१ मध्ये तिथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले. साधी वास्तू साधेपणा शिकवतेच असे नाही. पण साधेपणाने राहू इच्छिणाऱ्याला ती जागा देते.

पंतप्रधानांचे ‘द लॉज’ हे निवासस्थानही तात्पुरते म्हणूनच बांधले गेले. ओकली आणि पार्क्स या विशारदांनी आखलेले हे दुमजली घर १९२७ मध्ये तयार झाले. पंतप्रधान स्कलिन यांनी तर मंदीच्या काळात खर्च नको म्हणून त्यात राहण्याचेच नाकारले. ते तात्पुरते घर आजही पंतप्रधानांचे निवासस्थान आहे!

आणि ते संसदभवन. २८ ऑगस्ट १९२३ रोजी त्याची पहिली कुदळ पडली. ग्रिफिनने निवडलेल्या टेकाडाच्या पुढ्यात ते बांधायचे ठरल्यावर ग्रिफिन संतापला होता. घराच्या दर्शनी अंगणात आडोशाच्या खोल्या उभाराव्यात तसे हे होईल, असा त्याच्या टीकेचा आशय होता. मर्डॉक यांनी काय केले? त्यांनी इमारत अक्षावर नेमकी मध्यभागी ठेवली आणि तिची उंची इतकी कमी राखली, की मागची टेकडी झाकली जाऊ नये. अभिजात शैलीतील प्रमाणबद्धता त्यांनी घेतली. नक्षी, स्तंभशीर्षे आणि घुमट टाकून दिले. सपाट छपरे, खोल सज्जे आणि ओळीने मांडलेले व्हरांडे यांनी तिथल्या कडक उन्हाला उत्तर दिले. मध्यभागी किंग्ज हॉल, त्याच्या एका अंगाला एक सभागृह, दुसऱ्या अंगाला दुसरे, आणि मध्ये उजेड-वारा खेळविणारी अंगणे. आपल्या वाड्यातील चौकाची उपयुक्तता जाणणाऱ्याला हा विचार परका वाटणार नाही. खर्च आला सुमारे सहा लाख पौंड.

बाजारपेठही विसरली गेली नाही. नगरकेंद्रात सिडनी बिल्डिंग आणि मेलबर्न बिल्डिंग या दोन जुळ्या वास्तूंचे काम १९२६ मध्ये सुरू झाले. सल्मन यांच्या कल्पनेनुसार त्यांना पुढून कमानींच्या सलग ओवऱ्या दिल्या गेल्या. खाली दुकाने, वर कचेऱ्या, आणि ग्राहक उन्हापावसात ओवरीतून चालणार. दुकानदार वेगवेगळे, पण दर्शनी रूप एकच. मंदीमुळे हे काम रेंगाळले आणि पूर्णत्वास जायला १९४६ उजाडले; तरी कमान बदलली नाही. दोनशे वर्षांपूर्वी, १७२७ मध्ये, सवाई जयसिंगांनी विद्याधर भट्टाचार्य यांच्या साह्याने वसविलेल्या जयपूरच्या बाजारातही हीच शिस्त होती. नगररचना हे पश्चिमेचेच देणे आहे, असे मानणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

कुंपण नसलेली घरे आणि दहा लाख झाडे

सामान्य कर्मचाऱ्यांची घरे हा उद्यान-नगरीचा प्राण. रीड, ब्रॅडन, एन्स्ली, फॉरेस्ट या वस्त्यांत विटांची बैठी, कौलारू घरे उभी राहिली. पुढे बाग, मागे मोकळी जागा, आणि रस्त्याच्या कडेला गवताचा रुंद पट्टा. घरापुढे भिंत किंवा लाकडी कुंपण घालायला मनाई होती. फक्त झुडपांची हिरवी वेस चाले. ती झुडपे सरकार पुरवी आणि कापूनही देई. आपल्या दारापुढची हिरवळ ही साऱ्या रस्त्याची शोभा आहे, हा संस्कार नियमाच्या रूपाने घडविला गेला.

या हिरवाईमागे थॉमस चार्ल्स वेस्टन हे नाव आहे. १९११ मध्ये ते या उघड्याबोडक्या, वाऱ्याने झोडपलेल्या पठारावर आले. कोणते झाड इथली थंडी सोसेल, कोणते दुष्काळात तगेल, याचे प्रयोग त्यांनी रोपवाटिकेत वर्षानुवर्षे केले. १९२६ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या देखरेखीखाली दहा लाखांहून अधिक झाडेझुडपे लावली गेली होती. घरे उभी राहण्याआधीच रस्त्याकडेची झाडे वाढू लागली होती. घर बांधायला वर्ष पुरते. सावलीला पंचवीस वर्षे लागतात. ज्याच्या सावलीत आपण बसणार नाही असे झाड लावणे म्हणजे काय, हे आपल्या संस्कृतीला सांगण्याची आवश्यकता नाही.

१९३० मध्ये आणखी एक पाऊल पडले. तोवरच्या इमारतींचे रूप इंग्लंड, इटली आणि अमेरिकेच्या स्मरणातून आलेले होते. त्या वर्षी पूर्ण झालेल्या शरीररचना संस्थेच्या दगडी इमारतीवर मात्र शिल्पकारांनी ऑस्ट्रेलियातीलच सरडे, नेचे आणि फुले कोरली. आतल्या काचेच्या झरोक्यात प्लॅटिपस हा तिथला आगळा प्राणी अवतरला. परक्या नक्षीऐवजी स्वतःच्या भूमीतील जीवसृष्टी दारावर आणावी, अशी ओढ त्या तरुण राष्ट्राला वाटू लागली होती. स्वत्वाचा शोध असाच, उशिरा पण अपरिहार्यपणे सुरू होतो.

उद्घाटनाच्या दिवशीचा अनवाणी पाहुणा

तथापि ही कथा केवळ गौरवाची नाही. ज्यांनी विटा रचल्या ते मजूर अनेक वर्षे तंबूंत आणि लाकडी खोपटांत राहिले. युद्धकाळात जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांना स्थानबद्ध करण्यासाठी बांधलेली मोलाँग्लोची छावणीच पुढे मजुरांची वस्ती झाली. वरिष्ठांच्या आणि कनिष्ठांच्या वस्त्या वेगळ्या राहिल्या. समतेच्या आराखड्यात हुद्द्याची रेघ उमटलीच.

याहून खोल प्रश्न होता तो भूमीच्या मूळ लेकरांचा. सहस्रावधी वर्षे त्या प्रदेशात वावरणाऱ्या न्गुनावल आणि इतर जमातींना राजधानीच्या संकल्पात स्थान नव्हते. ९ मे १९२७ च्या समारंभात नेली मेल्बा यांच्या स्वरांत राष्ट्रगीत झाले, सैनिकांचे संचलन झाले. त्या झगमगाटात जिमी क्लेमेंट्स नावाचा विराजुरी जमातीचा एक वयोवृद्ध पुरुष अनवाणी पायांनी, आपल्या कुत्र्यांसह उभा होता. तो लांबून पायी चालत आला होता. पोलिसांनी त्याला निघून जायला सांगितले. तेव्हा जमलेल्या सामान्य लोकांनीच त्याची बाजू घेतली आणि तो तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी ड्यूक आणि डचेस यांच्यापुढे त्याला सादर करण्यात आले. ही भूमी आपली आहे, हे सांगण्यासाठी तो आला होता.

त्या हुंकाराचा प्रतिध्वनी उमटायला ४५ वर्षे लागली. २६ जानेवारी १९७२ रोजी त्याच भवनासमोरच्या हिरवळीवर काही आदिवासी तरुणांनी छत्री रोवून आपला ‘तंबू दूतावास’ उघडला. स्वतःच्याच देशात आपण परके झालो आहोत, हे त्या एका शब्दाने जगाला कळले. पुढे २००८ मध्ये संसदेच्या अधिवेशनाचा आरंभ प्रथमच मूळ रहिवाशांच्या स्वागतविधीने झाला आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधानांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. भूमीच्या प्राचीन परंपरेला वगळून राष्ट्रमंदिर उभारता येत नाही; उभारले तरी ती परंपरा दारात येऊन उभी राहते. वसाहतवादाचा घाव सोसलेल्या भारतीय मनाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

रेषा ढळली नाही

१९२९ च्या महामंदीने बांधकाम थांबले, मग दुसरे महायुद्ध आले. कॅनबेराची थट्टा होऊ लागली. सरोवर नकाशावरच होते; अक्षावर मेंढ्या चरत होत्या. पण ती जागा कुणी बळकावली नाही, कारण ती विकता येत नव्हती. १९५७ मध्ये पंतप्रधान मेंझीस यांनी राजधानी विकासासाठी नवे प्राधिकरण नेमले. १९६३ मध्ये स्क्रिव्हनर धरण पूर्ण झाले आणि १९६४ मध्ये जलाशय भरला. बावन्न वर्षांपूर्वी मॅरियनने कापडावर रंगविलेले पाणी प्रत्यक्ष चमकू लागले. त्याला नाव दिले गेले : लेक बर्ली ग्रिफिन.

९ मे १९८८ रोजी नवे संसदभवन उघडले. ग्रिफिनने जनतेसाठी राखलेल्या माथ्यावर संसद गेली, हे खरे. पण विशारद रोमाल्डो जिउर्गोला यांनी इमारत टेकडीच्या पोटात घेतली आणि छतावर हिरवळ पसरली. मूळ विचाराला त्यांनी आपल्या परीने दिलेला तो मान होता. आणि ते जुने ‘तात्पुरते’ भवन? पन्नासाऐवजी ६१ वर्षे त्याने संसदेची सेवा केली. आज तिथे ऑस्ट्रेलियन लोकशाहीचे संग्रहालय आहे. वीजघरात २००७ पासून काचकामाची कलाशाळा चालते, गॉर्मन हाउस कलाकेंद्र झाले आहे आणि शरीररचना संस्थेत राष्ट्राचा चित्रपट व ध्वनी संग्रह आहे. काम संपलेल्या वास्तूला त्यांनी नवे काम दिले; ढिगारा केला नाही. आज साडेचार लाखांहून अधिक लोकसंख्येचे ते नगर आपली पहिली पाने जपून आहे.

लखनौची माती

ग्रिफिनचे पुढे काय झाले? १९३५ च्या उत्तरार्धात लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या आराखड्यानिमित्त तो भारतात आला. इथल्या वास्तुपरंपरेने, कारागिरांच्या हाताने आणि लोकजीवनाने तो भारावला. थोड्या दिवसांसाठी आलेला हा माणूस इथेच रमला. मॅरियनही आली. ‘पायोनियर’ वृत्तपत्राची इमारत आणि संयुक्त प्रांताच्या १९३६-३७ च्या औद्योगिक व कृषी प्रदर्शनातील रचना, अशी कामे त्याने हाती घेतली. वर्षाहून थोड्या अधिक कालखंडात त्याच्या लेखणीतून झरझर आराखडे उतरले. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, लखनौच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. वय अवघे साठ. तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत तो चिरनिद्रा घेत आहे. कित्येक वर्षे त्या जागी नावाची शिळाही नव्हती. मॅरियनने पुढे आपल्या विस्तृत आठवणी लिहिल्या, त्यांचा पहिलाच भाग भारतातील दिवसांचा आहे.

आपल्या नगरीचे सरोवर त्याने पाहिले नाही. पण त्याने आखलेली रेषा त्याच्या विरोधकांनीही पुसली नाही. त्यांनी तिच्यावर साध्या विटांची घरे बांधून तिचे रक्षणच केले. कॅनबेराच्या आरंभीच्या वास्तूंचे खरे महत्त्व इथे आहे. त्या भव्य नाहीत. त्या एका संकल्पाच्या राखणदार आहेत.

आपणही २०२३ मध्ये नव्या संसदभवनात प्रवेश केला आणि जुन्या भवनाला ‘संविधान सदन’ म्हणून सन्मानाने जपले. २०२२ मध्ये राजपथाचा कर्तव्यपथ झाला. राजधानीच्या पातळीवर स्वत्वाची ही पावले पडत असताना आपल्या गावाचे, आपल्या नगराचे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा. विकास आराखड्यात बागेसाठी, शाळेसाठी, मैदानासाठी ठेवलेले आरक्षण उठते, नदीची पूररेषा सरकते, जुना वाडा एका रात्रीत जमीनदोस्त होतो. आणि आपण वर्तमानपत्र घडी करून ठेवतो. पैसा नाही, ही सबब कॅनबेरालाही होती. त्यांनी इमारत लहान केली, मैदान लहान केले नाही.

संघटित समाजाचे काम इथे सुरू होते. आपल्या नगराचा आराखडा कार्यालयात जाऊन पाहणे, त्यावरील हरकतींची मुदत चुकू न देणे, मोकळी जागा मोकळी राहील यावर डोळा ठेवणे आणि एखादी जुनी शाळा, टपाल कचेरी किंवा धर्मशाळा पाडण्याआधी तिला दुसरे काम देता येईल का, हे विचारणे. यासाठी निधी लागत नाही. लागते ती चिकाटी. वास्तू एका पिढीच्या असतात, त्यांच्यामागचा संकल्प अनेक पिढ्यांचा असतो. तो ज्यांनी ढळू दिला नाही, त्यांच्याच अंगणात पुढच्या पिढ्यांना सावली मिळते.

वंदे मातरम्!